टिटवीची नववी फेरी

"बाई, तासभर उताणं पडून वर बघत राहायला जमेल का तुम्हाला?"

मी शाळेच्या मैदानात वाकून चुन्याने खो-खोची पाटी आखत होते. प्रश्न मागून आला आणि रांगेत बसलेल्या माझ्या मुली फिसकन हसल्या. वळून पाहिलं तर सायकल धरून रंगराव सुतार उभे. पन्नाशीच्या पुढचं वय, खाकी अर्धी विजार, कानामागे पेन्सिल. चेहऱ्यावर थट्टेचं नाव नव्हतं.

"कशासाठी, आण्णा?"

"शर्यतीसाठी. पंच पाहिजे."

गावात त्यांना सगळे आण्णाच म्हणत. त्यांचे वडील बैलांच्या शर्यतीचे छकडे बनवायचे. आण्णा मात्र हवाई दलात गेले आणि बावीस वर्षं लाकडी विमानांची आणि ग्लायडरची सुतारकामं करत राहिले. तिकडेच विमान चालवायलाही शिकले. निवृत्त होऊन गावी आले ते स्वतःचं विमान बांधायचं ठरवूनच. घरामागच्या शेडमध्ये चार वर्षं खपले. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, नाकाशी एका जुन्या फोक्सवॅगन मोटारीचं इंजिन आणि डोक्यावर छपरासारखा पंख. बसायला दोन जागा, एक पुढे, एक मागे. पंखांचं कापड त्यांच्या बायकोनं, गोदाक्कांनी, घरच्या मशीनवर शिवलं होतं. विमानाचं नाव टिटवी.

टिटवी पहिल्यांदा उडाली तेव्हा अख्खा तालुका माळावर लोटला होता. दुसरा कुणी असता तर त्या कौतुकात उरलेलं आयुष्य सुखाने काढलं असतं. आण्णांनी त्याच आठवड्यात देवळालीच्या रुस्तुम दुबाशना पत्र टाकलं. दुबाशही हवाई दलातले, आण्णांचे जुने दोस्त, आणि त्यांनीही बंगल्याच्या आवारात एक विमान बांधलं होतं. पत्रात एवढंच होतं, 'तुझं उडालं, माझंही उडालं. आता लावू या.' मग परवानगीसाठी दिल्लीशी दोन वर्षं पत्रव्यवहार चालला. घरी बांधलेल्या विमानांची शर्यत म्हणजे काय, हे दिल्लीला समजावून सांगण्यातच एक वर्ष गेलं.

"पण शर्यत कशाला, आण्णा?" मी विचारलं. "उडतंय की छान."

"माझे वडील म्हणायचे, छकडा शर्यतीत पळाल्याशिवाय सुताराला कळत नाही त्यात वजन कुठं जास्त झालंय. नुसतं उडतंय म्हणून काय कळणार?"

"आणि मीच का? मला विमानातलं काही कळत नाही."

"तुम्हाला खांब कळतो." त्यांनी मैदानातल्या खांबाकडे बोट केलं. "खांबाला वळसा घातल्याशिवाय बाजू बदलायची नाही. तुमच्या खो-खोचा नियम तोच माझ्या शर्यतीचा. आणि गेल्या साली तालुक्याच्या अंतिम सामन्याला मी होतो."

त्या सामन्याला पंच कमी पडले म्हणून मलाच उभं केलं होतं. शेवटच्या मिनिटाला आमच्याच शाळेच्या मुलीचा पाय मधल्या पाटीला लागला. मी शिट्टी वाजवली. आम्ही एका गुणाने हरलो. हेडमास्तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझी नेमणूक तात्पुरती होती, दर जूनला नवी ऑर्डर निघायची, आणि ती निघेल की नाही याची मला त्या वर्षी पहिल्यांदा भीती वाटली.

"येते," मी म्हणाले. का म्हणाले, ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

गावाबाहेरच्या माळावर संस्थानाच्या काळातली एक धावपट्टी होती. राजेसाहेबांनी हौसेने केलेली, नंतर शेरडांनी वापरलेली. तिच्या कडेला आण्णांनी निलगिरीचे दोन उंच खांब रोवले, एकमेकांपासून मैलभर अंतरावर. प्रत्येकाच्या टोकाला तेलाचं रिकामं पिंप, लाल-पांढरं रंगवलेलं. दोन्ही खांबांना बाहेरून वळसा घालत दहा फेऱ्या. जवळचा खांब मांडवासमोर होता, तिथे तपासायला हजारो डोळे होते. दूरचा खांब माझा.

"खांबाच्या बुंध्याशी डोकं ठेवून पडायचं," आण्णांनी दाखवलं. "खांबाच्या रेघेत आभाळाकडे बघायचं. विमान रेघेच्या पलीकडनं गेलं तर पांढरं निशाण. अलीकडनं गेलं तर लाल. बाजूला उभं राहून बघितलं तर डोळा फसवतो."

सरावाला त्यांनी माझ्यावरून सहा वेळा टिटवी नेली. त्यातल्या दोनदा मुद्दाम खांब आतून कापला. मी तीनदा लाल निशाण दाखवलं. खाली उतरून ते चालत आले.

"दोनदा कापला मी. पाचव्यांदा बाहेरनं गेलो होतो."

"नाही आण्णा. पाचव्यांदा डावं चाक आत होतं."

त्यांनी खांबाकडे बघितलं. "मग असेल," म्हणाले, आणि तिथेच खिशातून वही काढून त्यांनी एक नियम लिहिला: दूरच्या खांबावरील पंचाची चिठ्ठी सर्वांसमक्ष वाचावी, मगच बक्षीस द्यावे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी शर्यत झाली. सकाळी आठपासून माळावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, एसटीच्या जादा गाड्या. उसाच्या रसाची गुऱ्हाळं लागली होती, हलगी वाजत होती. मांडव साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेब यांनी दिला होता. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षही तेच. जुने पैलवान, मान बैलासारखी, आवाजाला लाउडस्पीकरची गरज नाही. त्यांनी सकाळीच जाहीर करून टाकलं, "आपला रंगराव जिंकला, तर या माळावर विमानांची पक्की शेड आणि पोरांसाठी विमानबांधणीचा वर्ग, दोन्ही काढतो."

टाळ्या थांबेनात. दुबाशही टाळ्या वाजवत होते. गोरेपान, तुळतुळीत टक्कल, गळ्यात रेशमी रुमाल. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, तू ते दूरच्या पोलवाली ना? नीट बघ हां. हा रंगा लहानपणापासून वळणात लुच्चा आहे."

"तू लहानपणी कुठं होतास रे माझ्याबरोबर?" आण्णा म्हणाले.

"चोवीस म्हणजे लहानच नाय काय?"

मी दौलू शिपायाच्या सायकलवर मागे बसून दूरच्या खांबाशी गेले. दौलू आमच्या शाळेचा शिपाई, निरोप न्यायला माझ्याबरोबर दिलेला. त्याने गोधडी अंथरली, मी आडवी झाले, आणि डोळ्यांसमोर फक्त खांब, पिंप आणि आभाळ राहिलं.

आधी आवाज आला, दोन शिवणयंत्रं जोरात चालावीत तसा. मग दुबाशांचं निळं विमान पिंपाच्या पलीकडून गेलं आणि त्याच्या मागे टिटवी. इतक्या खालून, की गोदाक्कांनी घातलेले टाके दिसले. खांब थरथरला. अंगावर वारं आणि गरम तेलाचा वास आला. दोन्ही बाहेरून. मी पांढरं निशाण हलवलं, चिठ्ठीवर खूण केली आणि पुन्हा आडवी झाले. मला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात मी इतकी मजेची गोष्ट केली नव्हती.

दुबाशांचं इंजिन जोरकस होतं. सरळ पल्ल्यात ते पुढे निघायचे. पण वळताना फार बाहेर फेकले जायचे, आणि तिथे आण्णा त्यांना गाठायचे. प्रत्येक फेरीला आण्णांचं वळण खांबाला आणखी चिकटत होतं. पाचव्या फेरीला दोघांत चार विमानांचं अंतर होतं, आठव्या फेरीला एकाचं. लांबून लोकांचा आवाज लाटेसारखा येत होता. दौलू माझ्या डोक्याशी उभा राहून नाचत होता.

नवव्या फेरीला दोघं बरोबरीने आले. निळं विमान बाहेर गेलं. टिटवी एका पंखावर उभी राहिल्यासारखी कलली, आणि माझ्या आणि आभाळाच्या मधून गेली. खांबाच्या अलीकडून.

पूर्ण पोट, दोन्ही चाकं, शेपूट. सगळं आत.

मी उठले आणि लाल निशाण वर धरलं. टिटवी पुढे निघून गेली होती. निळं विमान तिच्या मागे. मांडव मैलभर दूर, मध्ये उन्हाची झळ. माझ्या हातातलं निशाण तिकडून कुणाला दिसणार नव्हतं.

दहाव्या फेरीला आण्णा बाहेरून गेले आणि तिकडे जाऊन जिंकले. हलगीचा आवाज इथवर आला.

मी चिठ्ठीवर लिहिलं. दौलू नाचायचा थांबला होता.

"बाई," तो म्हणाला, "म्या काय बी बघितलं न्हाई."

"तू बघितलंस, दौलू."

"म्या उभा हुतो. उभ्याला डोळा फसवतो, आण्णाच म्हनलं. आन् तुमी आडव्या हुता. डोळ्यात कायतरी गेलं आसंल."

"नाही गेलं."

त्याने गोधडी घडी करून कॅरियरला बांधली आणि सायकल धरली. "जूनमधी आर्डर कोन काढतं, ठावं हाय न्हवं? आन् शेड हुनार हाय. वर्ग हुनार हाय. माझ्या थोरल्याचं नाव घालायचं हाय त्या वर्गात."

मी मागे बसले. माळावरच्या खडबडीत पायवाटेने सायकल उडत होती आणि मी चिठ्ठी मुठीत धरली होती. आण्णांची चार वर्षं, दिल्लीची दोन वर्षं, गोदाक्कांचे टाके, सगळं आठवत होतं. चिठ्ठी फाडून दुसरी लिहायला एक मिनिट पुरलं असतं. दौलूनेही सायकल मुद्दाम हळू चालवली. पण पाय पाटीला लागला की शिट्टी वाजते. ती वाजवू नये म्हणून काय करायचं असतं, ते मला कधी जमलंच नाही.

मांडवापाशी पोचले तेव्हा आण्णा लोकांच्या खांद्यावर होते. गुलालाने चेहरा ओळखू येत नव्हता. आबासाहेबांच्या हातात ढाल होती. मी गर्दीतून वाट काढत त्यांना चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकली.

"बरं बाई. सगळं व्यवस्थित आहे. जा तुम्ही, पाणी प्या."

"साहेब, ती वाचायची आहे."

"दुबाशसाहेब," आबासाहेब वळले, "तुमची काही तक्रार?"

दुबाश रुमालाने टक्कल पुसत होते. माझ्याकडे क्षणभर बघून म्हणाले, "माझी काय तक्रार नाय."

"मग झालं. हरणाऱ्याची तक्रार नाही, तर चिठ्ठी कशाला?"

मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात खांद्यावरून आण्णांचा आवाज आला. "आबासाहेब, चिठ्ठी वाचायची राहिली."

"औपचारिक आहे रे ते, रंगा."

"नियम आहे. वाचा."

आबासाहेब वाचेनात. तेव्हा आण्णांनी मलाच विचारलं. वरून, खांद्यावर बसूनच. "बाई, कुणी कापला?"

"तुम्ही, आण्णा."

"कितव्या फेरीला?"

"नवव्या."

"किती आत?"

"सगळेच आत होता."

हलगी आधीच थांबली होती. एवढ्या हजारो माणसांत गुऱ्हाळाच्या बैलाच्या घुंगरांचा आवाज ऐकू येत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरीण इकली गेली." आणखी दोघं पुढे सरसावले. आण्णा खाली उतरले. त्यांनी तोंडावरचा गुलाल बाहीने पुसला आणि मला वाटलं, आता हा माणूस रडणार.

आण्णा हसायला लागले. आधी हळू, मग गदगदून, पोट धरून. त्यांनी आबासाहेबांच्या हातातून ढाल घेतली, दुबाशांच्या छातीशी लावली आणि माईक ओढला.

"मंडळी, टिटवी बाद. दुबाशसाहेब जिंकले. आज या माळावर खरी शर्यत झाली. कापूनही ढाल मला मिळाली असती तर ती माझ्या घरची जत्रा झाली असती. वाजवा रे."

हलगीवाल्याला कळेना वाजवावं की नाही. गोदाक्का पुढे आल्या आणि त्याला म्हणाल्या, "वाजीव की. कानात बोळं घातल्यात काय?" तेव्हा त्याने वाजवली.

दुबाशांना आता लोकांनी खांद्यावर घेतलं. जाता जाता ते माझ्या कानाशी वाकले. "मी त्याच्या मागेच होतो. तुझा लाल झेंडा मला दिसला होता. म्हटलं, बघू तर खरं, पोरगी बोलते का."

आबासाहेब त्या दिवशी न जेवता गेले. शेड त्या वर्षी झाली नाही, तिसऱ्या वर्षी झाली, आणि दौलूचा थोरला विमानबांधणीच्या पहिल्या तुकडीत शिकला. माझी ऑर्डर मात्र जूनमध्ये वेळेवर निघाली, कायमची. का, ते मी कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पाच विमानं आली. एक तर थेट बंगलोरहून. शर्यत सुरू व्हायच्या आधी आबासाहेब मला म्हणाले, "बाई, यंदा तरी नीट बघा." मी म्हणाले, "गेल्या वर्षीही नीटच बघितलं होतं." ते ढेरी हलवून हसले. त्या वर्षी आण्णा जिंकले, त्यानंतरही दोनदा. एकवीस वर्षं शर्यत भरली आणि एकवीस वर्षं दूरचा खांब माझ्याकडे होता. आण्णांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. देशात घरी विमान बांधणारी नवी पोरं मला अधूनमधून भेटायला येतात आणि विचारतात, आण्णा कसे होते. मी त्यांना त्या पहिल्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा शाळेत आले. पुन्हा मैदानात, पुन्हा मुलींसमोर. मला वाटलं, काल लोकांसमोर हसले, आज खरं बोलतील.

"बाई, पहिला तास कुणाला तरी द्या. माळावर यायचंय."

टिटवी धावपट्टीवर उभी होती. त्यांनी मला पुढच्या जागेवर बसवलं, पट्टे आवळले, पदर नीट खोचायला सांगितला. गोदाक्कांनी पंखा फिरवून इंजिन सुरू करून दिलं. मी देवाचं नाव घेतलं. गवत मागे पळायला लागलं आणि एकदम खडखड थांबली. खाली बघितलं तर आमची शाळा आगपेटीएवढी, आणि मैदानातल्या माझ्या मुली मुंग्यांएवढ्या, हात हलवणाऱ्या.

आण्णांनी टिटवी दूरच्या खांबाकडे नेली. लाल-पांढरं पिंप समोर स्पष्ट दिसत होतं. जवळ येत गेलं, मोठं होत गेलं.

"बघत राहा," ते मागून ओरडले. "नजर काढू नका."

मी नजर काढली नाही. टिटवी डावीकडे कलली. डोक्यावरचा पंख दारासारखा खाली आला आणि त्याच्या मागे पिंप गेलं, खांब गेला, सगळं गेलं. दिसत होतं ते फक्त कापड आणि टाके. दहा आकडे मोजेपर्यंत तसंच. मग टिटवी सरळ झाली आणि खांब पार मागे होता.

"दिसला खांब?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मलाही दिसत नाही. एकाही फेरीला दिसत नाही. सरावाला नाही, काल नाही. अंदाजाने वळतो." वाऱ्यात त्यांचे शब्द तुटत होते, म्हणून ते एकेक शब्द सावकाश ओरडत होते. "खाली बघणारा खरं सांगणार असेल, तरच वर जोरात वळता येतं. नाहीतर माणूस भिऊन लांबनं वळतो. काल मी आयुष्यात पहिल्यांदा मनासारखा वळलो."

डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वाऱ्याने कानापर्यंत नेलं.

"आता उतरायचं का?" आण्णांनी विचारलं. "तुमचा दुसरा तास असेल."

खाली माळ पसरला होता, ओढा चांदीच्या तारेसारखा वळला होता, आणि ऊन अजून कोवळं होतं.

"दुसरा तास गणिताचा आहे," मी ओरडले. "मारा अजून एक फेरी."